बोलणारा कोण, हे तार विचारत नाही

स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, प्लास्टिकच्या झाकणामागे १६ पिनांचं एक सॉकेट असतं. मेकॅनिक स्कॅनर लावतो ते हेच. त्यातल्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांपासून एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरी आत जातात. ही जोडी थेट गाडीतल्या कंप्युटरांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याला जात असेल, तर बॅटरीची केबल काढून मल्टिमीटरची टोकं या दोन पिनांवर टेकवा. सुमारे ६० ओहम दिसतील, कारण जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो आणि ते दोन समांतर जोडलेले असतात. १२० दिसले तर एका बाजूचा रेझिस्टर किंवा त्याकडे जाणारी वायर तुटली आहे. शून्याच्या आसपास दिसलं तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, दारं, दिवे, सगळे एकमेकांशी बोलतात ते अशाच पीळदार जोड्यांवरून.

ते बोलणं एकदा जवळून पाहावं. समजा स्कॅनरला इंजिनाचे फेरे हवेत. तो जाळ्यावर ७डीएफ हा क्रमांक टाकतो आणि पाठोपाठ तीन बाइट: ०२ ०१ ०सी. अर्थ असा की पुढे दोन बाइट आहेत, चालू घडीची माहिती दे, फेऱ्यांची दे. इंजिनाचा कंप्युटर ७ई८ या क्रमांकाखाली उत्तर देतो: ०४ ४१ ०सी १ए एफ८. शेवटचे दोन बाइट षोडशमान, म्हणजे १६ च्या पायावर मोजण्याच्या, पद्धतीतले आहेत. १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८. २६ ला २५६ ने गुणायचं, २४८ मिळवायचे, चारने भागायचं. आलं १,७२६. इंजिन मिनिटाला १,७२६ फेरे घेतंय.

या देवाणघेवाणीत एक गोष्ट कुठेच आली नाही. विचारणारा कोण, आणि उत्तर देणारं खरंच इंजिनच आहे का, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. ७ई८ हा ओळखीचा पुरावा नव्हे. ती निरोपाला चिकटवलेली चिठ्ठी आहे आणि ती कुणालाही चिकटवता येते. आजच्या गाड्यांच्या सुरक्षेचे बहुतेक प्रश्न मागे नेत नेत गेलं की याच ठिकाणी येऊन थांबतात.

या पद्धतीचं नाव कॅन. बॉश कंपनीने १९८३ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ती जगापुढे मांडली. १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती प्रत्यक्ष गाडीत आली. त्याआधी प्रत्येक बटणापासून प्रत्येक मोटारीपर्यंत स्वतंत्र वायर जायची, तांब्याची जुडी जाड आणि जड होत चालली होती. कॅनने सगळ्यांना एकाच तारेवर आणलं. सगळे सगळ्यांचं ऐकतात. दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली तर ज्याचा क्रमांक लहान तो पुढे जातो आणि दुसरा आपणहून गप्प बसतो. पहिल्याचा एक बिटही वाया जात नाही. म्हणून ब्रेकच्या निरोपाला लहान क्रमांक देतात आणि काचेच्या मोटारीला मोठा. हे डिझाइन मला आजही सुंदर वाटतं. स्वस्त, चिवट, इंजिनाच्या उष्णतेत आणि स्पार्कच्या विद्युत गोंगाटात वर्षानुवर्षं टिकणारं. त्या काळी गाडीच्या आत येण्याचा एकच रस्ता होता, दार. तारेवर जो बोलतोय तो घरचाच, हे गृहीत धरण्यात कुणाची चूक नव्हती.

कॅनच्या मूळ निरोपात ११ बिटांचा क्रमांक, जास्तीत जास्त ८ बाइट माहिती आणि शेवटी १५ बिटांची सीआरसी बेरीज असते. ही बेरीज बिघाड पकडण्यासाठी आहे. वाटेत एखादा बिट उलटला तर ती जुळत नाही आणि निरोप पुन्हा पाठवला जातो. पण मुद्दाम खोटा निरोप तयार करणारा बेरीजही बरोबर लावूनच पाठवतो. सीआरसी खरखर ओळखते, खोटं ओळखत नाही.

इतकंच काय, या पद्धतीचा एक चांगला गुणही उलटा वापरता येतो. प्रत्येक कंप्युटर स्वतःच्या चुका मोजत असतो. पाठवताना चूक झाली की मोजणीत ८ मिळतात, आणि मोजणी २५५ च्या पुढे गेली की तो बिघडलो असं समजून स्वतःच जाळ्यावरून बाजूला होतो. म्हणजे सलग ३२ चुका. एखादा खराब भाग बडबड करून बाकीच्यांना अडवू नये, यासाठीची ही सोय. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की दुसऱ्याच्या निरोपावर अचूक वेळी आपला बिट टाकून त्याच्या चुका वाढवत नेता येतात. निरोगी ब्रेक कंप्युटर आपण आजारी आहोत असं समजून गप्प बसतो.

हे प्रयोगशाळेतलं झालं. रस्त्यावर काय होतं ते २०२२ मध्ये लंडनमध्ये दिसलं. इयन टेबर हे गाड्यांच्या सुरक्षेवरच काम करणारे संशोधक. त्यांच्या टोयोटा रॅव्ह-फोरचा पुढचा बंपर ओढलेला आणि हेडलाइटचं कनेक्टर निघालेलं आढळलं. आधी वाटलं कुणीतरी खोडसाळपणा केला. पुन्हा तसंच झालं. मग गाडीच गेली. गाडीने कंपनीच्या सर्व्हरला पाठवलेले बिघाडाचे कोड त्यांनी पाहिले, तर एकाच वेळी अनेक कंप्युटरांचा एकमेकांशी संपर्क तुटल्याच्या नोंदी होत्या. त्यावरून माग काढत त्यांनी चोरांच्या बाजारात मिळणारं, अशा चोरीसाठी बनवलेलं उपकरण मिळवलं आणि केन टिंडेल या कॅनमधल्या जाणकाराबरोबर ते उघडून पाहिलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सगळा तपशील जाहीर झाला.

बाहेरून तो एक साधा ब्लूटूथ स्पीकर होता. आत स्पीकरच्या सर्किटला जोडून एक छोटा मायक्रोकंट्रोलर आणि कॅनवर बोलणारी चिप बसवली होती. हेडलाइट का, तर आताचा हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब राहिलेला नाही. वळणावर झोत फिरवायला आणि ओझ्यानुसार खाली-वर करायला त्याच्यातही कंप्युटर असतो, म्हणजे जाळ्याची वायर थेट बंपरच्या कोपऱ्यापर्यंत येते. दार न उघडता हाताला लागणारी ही सगळ्यात सोपी जागा. चोर कनेक्टर काढतो, आपलं उपकरण लावतो, स्पीकरचं प्ले बटण दाबतो. उपकरण झोपलेल्या जाळ्याला जागं करतं आणि मग पुन्हा पुन्हा एकच निरोप सोडतं: किल्ली तपासली, खरी आहे. त्याची चिप मुद्दाम अशी बदललेली असते की बाकीच्यांना मध्ये बोलताच येऊ नये. गेटवे, म्हणजे गाडीतली वेगवेगळी जाळी जोडणारा कंप्युटर, तो निरोप इंजिनाच्या बाजूच्या जाळ्यावर पुढे देतो, आणि खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर सुटतो. दाराच्या कंप्युटरलाही तसाच निरोप जातो आणि दार उघडतं. किल्लीच्या गुप्त कोडला कुणी हातही लावलेला नसतो. तपासणी चोख होती. तपासणीचा निकाल मात्र उघड्या तारेवरून पाठवला जात होता.

अशा चोरीच्या प्रयत्नाच्या खुणा मालकाला ओळखता येतात, आणि त्या ओळखायला हव्यात. बंपरचा कोपरा किंवा चाकावरचं प्लास्टिक एका बाजूने सैल झालं असेल, एकच हेडलाइट अचानक बंद असेल, आणि स्कॅनरवर यू अक्षराने सुरू होणारे कोड एकदम पाच-सहा आले असतील, तर कोड पुसून गाडी परत देणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. यू०१०० म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरशी संपर्क तुटला. असा एखादा कोड कमकुवत बॅटरीनेही येतो. पण झुंडीने आले आणि त्यांची वेळ रात्रीची असेल, तर गाडीशी कुणीतरी झटापट करून गेलंय आणि तो परत येण्याची शक्यता आहे. स्टिअरिंगला लावायचा जाड लोखंडी दांडा इथे खरोखर कामाचा आहे. त्याला कॅनची भाषा समजत नाही, त्यामुळे तो कुठल्याही निरोपाने उघडत नाही.

किल्लीची गोष्ट याहून जुनी आहे. खिशात किल्ली ठेवून दाराला हात लावला की दार उघडतं, त्या सोयीत गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्‌झच्या कमी कंपनसंख्येवर हाक मारते. ही हाक एक-दोन मीटरपलीकडे जात नाही. किल्ली ती ऐकते आणि जास्त कंपनसंख्येवर गुप्त कोडने उत्तर देते. गाडी मनात धरते की उत्तर आलं म्हणजे किल्ली जवळच आहे. झुरिचच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे गृहीतक तपासलं. एका माणसाने गाडीजवळ अँटेना धरली, दुसऱ्याने किल्लीजवळ, आणि गाडीची हाक लांबवर पोचवली. दहाही गाड्या उघडल्या आणि सुरू झाल्या. कोड फोडण्याची गरजच पडली नाही. दूर असलेल्या दोघांना आपण शेजारी उभे आहोत असं वाटायला लावलं, एवढंच.

यावरचा खरा इलाज अल्ट्रा-वाइडबँड. त्यात गाडी उत्तराला किती वेळ लागला ते मोजते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे मध्ये कुणी निरोप्या उभा असेल तर येण्याजाण्यातले जास्तीचे नॅनोसेकंद लपत नाहीत. लहर दुबळी आहे की जोरकस, यावरून अंतर ठरवणाऱ्या जुन्या पद्धतीला फसवता येतं. प्रकाशाच्या वेगाला फसवता येत नाही. गाडी घेताना विक्रेत्याला सरळ विचारावं की किल्ली अंतर वेळेवरून मोजते की सिग्नलच्या जोरावरून. उत्तर देता आलं नाही तर मॅन्युअल मागावं. काही किल्ल्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो आणि थोडा वेळ स्थिर पडून राहिली की किल्ली झोपते. हा उपाय साधा आहे, पण घरात टेबलावर ठेवलेल्या किल्लीसाठी तो पुरतो. खिशात घालून चालत असाल तेव्हा किल्ली जागीच असते.

जुन्या गाडीसाठी सिग्नल अडवणारी पिशवी वापरतात. तीही तपासून घ्यायला हवी. किल्ली पिशवीत घाला, झाकण पूर्ण बंद करा, गाडीच्या दाराला अगदी टेकून उभे राहा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पिशवी निरुपयोगी. आतलं धातूचं अस्तर घडीवर चिरत जातं, त्यामुळे आज पास झालेली पिशवी काही महिन्यांनी नापास होऊ शकते. चाचणी अधूनमधून करावी. आणि दुसरी किल्ली! रोजची किल्ली पिशवीत आणि जादाची ड्रॉवरमध्ये उघडी, हे फार घरांत होतं. चोराच्या अँटेनेला दोन्ही सारख्याच. कित्येक गाड्यांत ही आपोआप उघडण्याची सोय मेनूतून बंदच करता येते. ज्यांना बटण दाबायचा कंटाळा नाही त्यांनी ती बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बटणाच्या रिमोटलाही आपलं दुखणं आहे. तो दर वेळी नवा कोड पाठवतो, जुना कोड पुन्हा चालत नाही. पण लॉक करताना कुणी त्याच कंपनसंख्येवर गोंगाट केला तर कोड गाडीपर्यंत पोचतच नाही आणि आपण मागे न बघता निघून जातो. २०१५ मध्ये सुरक्षा-संशोधक सॅमी कामकार यांनी दाखवलेल्या छोट्या यंत्राने याच्या पुढचं पाऊल टाकलं: गोंगाटही करायचा आणि न पोचलेला कोड टिपून ठेवायचा. टिपलेला पण न वापरलेला कोड गाडीच्या दृष्टीने अजून ताजा असतो. म्हणून लॉकचं बटण दाबल्यावर हँडल हाताने ओढून पाहण्याची जुनी सवय सोडू नये.

आता दुरून येणाऱ्यांकडे वळू. २०१० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी १६ पिनांच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून चालत्या गाडीचे ब्रेक निकामी करून दाखवले. त्यांना सांगण्यात आलं की ज्याचा हात गाडीच्या आत पोचतो तो ब्रेकची नळीही कापू शकतो. पुढच्याच वर्षी त्यांनी तोच ताबा दुरून मिळवला: मुद्दाम बनवलेल्या गाण्याच्या फाइलची सीडी, ब्लूटूथ आणि मोबाइल नेटवर्क अशा वेगवेगळ्या वाटांनी. तरी उद्योग खडबडून जागा झाला तो २०१५ मध्ये, चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक या सुरक्षा-संशोधकांनी मैलोगणती दूर बसून जीप चेरोकीचा ताबा घेतला तेव्हा.

त्या हल्ल्याच्या पायऱ्या आजही जशाच्या तशा समजून घेण्यासारख्या आहेत. गाडीच्या मनोरंजन पडद्याला स्प्रिंट कंपनीचं मोबाइल कनेक्शन होतं. त्या कनेक्शनवर ६६६७ हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचं क्रमांकाचं दार, उघडा होता आणि त्यावर डी-बस नावाची अंतर्गत संदेशसेवा पासवर्डाशिवाय ऐकत बसली होती. तिथून पडद्याच्या कंप्युटरवर हवी ती आज्ञा चालवता यायची. तरीही पडदा थेट कॅनवर बोलू शकत नव्हता; मध्ये व्ही८५० नावाची वेगळी चिप होती, आणि खरा बांध तीच होती. पण पडद्याला त्या चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्यातलं कायमचं सॉफ्टवेअर, बदलायची मुभा होती, आणि नवं फर्मवेअर कंपनीचंच आहे का हे सहीवरून तपासलं जात नव्हतं. बांधाची किल्ली बांधाच्या बाहेरच टांगलेली. एकदा चिपमध्ये आपलं फर्मवेअर बसलं की पुढे तारेवर तीच जुनी कथा. फियाट क्रायस्लरने १४ लाख गाड्या परत बोलावल्या, मालकांना टपालाने यूएसबी काड्या पाठवल्या, आणि स्प्रिंटने आपल्या जाळ्यावर तो पोर्टच बंद केला. त्या प्रयोगात ब्रेक निकामी करता आले ते कमी वेगात, आणि स्टिअरिंग फिरवता आलं ते फक्त रिव्हर्समध्ये, कारण संबंधित कंप्युटर जास्त वेगात तसली आज्ञा मानत नव्हते. ‘एवढ्या वेगात ही आज्ञा कशी येईल?’ असा साधा विचार करणारा कंप्युटर किती वाचवतो, ते तिथे दिसलं.

भरधाव गाडी दुरून पळवण्याच्या दृश्याने सगळ्यांचं लक्ष वेधलं ते समजण्यासारखं आहे, पण सामान्य मालकाची मोठी जोखीम मला तिथे दिसत नाही. ती दोन साध्या जागी आहे. पहिली जागा तेच १६ पिनांचं सॉकेट. त्याच्या १६ व्या पिनेवर गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो, म्हणून त्यात खोचलेलं डोंगल, म्हणजे छोटं जोडउपकरण, रात्रंदिवस जागं राहतं. इंधनाचा हिशेब दाखवणारं, विमा कंपनीने दिलेलं, जीपीएसचा माग ठेवणारं. २०१५ मध्येच सॅन डिएगोच्या संशोधकांनी अशाच एका विमा डोंगलला एसएमएस पाठवून कॉर्व्हेट गाडीचे वायपर चालवले आणि कमी वेगात तिचे ब्रेक लावले, निकामीही केले. गाडीच्या कंपनीने काही चुकीचं केलं नव्हतं. मालकाने चांगल्या हेतूने एक मोडेम थेट कॅनला जोडला होता. डोंगल घ्यायचंच असेल तर त्याचं फर्मवेअर कोण आणि कधी अपडेट करतं ते आधी विचारा. स्वस्त ब्लूटूथ डोंगलचा पिन अनेकदा १२३४ किंवा ०००० असतो आणि बदलताही येत नाही; असं डोंगल कोड वाचण्यापुरतं लावावं आणि काढून ठेवावं.

दुसरी जागा गाडीत नाहीच. ती सर्व्हरवर आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. २०१६ मध्ये निसान लीफच्या ॲपचा सर्व्हर फक्त गाडीचा चासी नंबर विचारत होता. तो नंबर समोरच्या काचेखाली लिहिलेला असतो, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाचता येतो. त्यावर दुसऱ्याच्या गाडीचा एसी चालू करता येत होता आणि प्रवासाची नोंदही दिसत होती. २०२४ मध्ये सुरक्षा-संशोधक सॅम करी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कियाच्या विक्रेत्यांसाठीच्या व्यवस्थेत कुणालाही विक्रेता म्हणून नोंदणी करता येते आणि नंबरप्लेटवरून सुमारे ३० सेकंदांत गाडीचा ताबा आपल्या नावावर घेता येतो. सुबारूच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या संकेतस्थळावर त्यांना याहून अस्वस्थ करणारं काही मिळालं: एका गाडीच्या गेल्या वर्षभराच्या जागा, जिथे जिथे इंजिन सुरू झालं ते ठिकाण. दोन्ही कंपन्यांनी चुका दुरुस्त केल्या.

नकाशावर ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या या जागांकडे जरा थांबून पाहायला हवं. रोज सकाळी एकाच वेळी जिथून गाडी निघते ते घर. दर मंगळवारी दुपारी तासभर थांबते तो दवाखाना, आणि दवाखान्याच्या पत्त्यावरून आजारही कळतो. शाळा सुटण्याच्या वेळी रोज दहा मिनिटं थांबते ते फाटक. एखादी बाई त्रास देणाऱ्या नवऱ्यापासून दूर जिथे राहायला गेली आहे ते नवं घर. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या केऑस कंप्युटर क्लबने उघड केलं की फोक्सवॅगन गटाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर संरक्षणाशिवाय पडून होती आणि त्यातल्या अनेक गाड्यांच्या जागा अगदी काटेकोर नोंदलेल्या होत्या. त्याआधी २०२३ मध्ये टोयोटाने जपानमधल्या साडेएकवीस लाख ग्राहकांची माहिती जवळजवळ दहा वर्षं उघडी राहिल्याचं मान्य केलं. क्लाउडची एक सेटिंग चुकीची होती. इथे मालक हँडल ओढून पाहू शकत नाही, पिशवी वापरू शकत नाही. मुळात गोळाच न केलेली माहिती चोरीला जात नाही, एवढा एकच पक्का उपाय आहे, आणि तो कंपन्यांनी करायचा आहे. आपल्या हातात आहे ते इतकंच: ॲपच्या खात्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर ती चालू, आणि गाडीच्या मेनूतली जागेची माहिती पाठवण्याची परवानगी गरज नसेल तर बंद. आणीबाणीत मदतीला आपोआप जाणारा कॉल अनेक गाड्यांत वेगळा चालतो. बंद करण्यापूर्वी तेवढं मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावं.

गाडीच्या आत दुरुस्ती कशी चालली आहे? तारेवरच्या निरोपाला सही, म्हणजे पाठवणारा खरा आहे हे पटवणारा गुप्त किल्लीवरून काढलेला आकडा, जोडायची, हा विचार जुना आहे. अडचण जागेची. चांगली सही १६ बाइटांची होते, आणि कॅनच्या निरोपात एकूण जागाच ८ बाइट. म्हणून सहीचा तुकडाच पाठवतात, उदाहरणार्थ २४ बिट, आणि त्याबरोबर ८ बिटांचा मोजणी क्रमांक, म्हणजे जुना निरोप टिपून पुन्हा पाठवता येऊ नये. उरले ४ बाइट. २४ बिटांच्या सहीच्या शक्यता होतात १,६७,७७,२१६. सेकंदाला ५ लाख बिट नेणाऱ्या तारेवर पूर्ण भरलेले निरोप सुमारे ४,००० बसतात. म्हणजे कुणी तार अडवून अंदाजाने सह्या मारत बसला तर साधारण ७० मिनिटांत एक जुळण्याची वेळ येते. म्हणूनच नुसती सही लावून भागत नाही. चुकलेल्या सह्या मोजून, ठरावीक संख्येनंतर तो निरोप स्वीकारणं थांबवणारा प्रोग्रामही निरोप घेणाऱ्या कंप्युटरसाठी लिहावा लागतो. ते विसरलं तर सही असूनही उपयोग नाही. नव्या कॅन-एफडीत ६४ बाइट मावतात, तिथे ही ओढाताण कमी होते.

सहीमुळे कार्यशाळेत नवे त्रास येतात, ते लपवण्यात अर्थ नाही. जाळ्यावरच्या कंप्युटरांची मोजणी जुळेनाशी झाली की खरे निरोपही नाकारले जातात आणि डॅशबोर्डवर दिवे लागतात. एखादा कंप्युटर बदलला तर त्याच्यात सहीसाठीची गुप्त किल्ली (एक गुप्त आकडा) भरल्याशिवाय बाकीचे त्याला ओळख देत नाहीत. दुसऱ्या गाडीतून काढलेला चांगला भाग त्यामुळे कित्येकदा बसवता येत नाही. गेटवेने सॉकेटचा रस्ता अडवल्यावर स्वतंत्र मेकॅनिकला कोड पुसायलाही कंपनीच्या परवान्याचा स्कॅनर लागतो. मग गेटवेला वळसा घालणारी केबल वापरतात, आणि घाईत ती तशीच आत राहते. अशी केबल राहिली की गाडीचं सगळं कुंपण त्या एका ठिकाणी उघडं पडतं. काम झाल्यावर ती निघाली का, हे विचारून घ्यावं. सुरक्षेच्या नावाखाली दुरुस्तीचा हक्क कंपनीच्या हाती जाऊ नये, हेही तितक्याच ठामपणे म्हणायला हवं. ओळख पटवलेल्या मेकॅनिकला दार उघडायची सोय करता येते. ती करणं कंपनीचं काम आहे.

कायदाही आला आहे. संयुक्त राष्ट्रांचा आर१५५ हा नियम २०२१ च्या जानेवारीपासून लागू आहे, आणि युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला तो बंधनकारक झाला. गाडी बनवणाऱ्याने धोके शोधायचे, त्यावर उपाय करायचे, आणि विकल्यानंतरही लक्ष ठेवायचं. पोर्शने पेट्रोलवर चालणारी आपली मकान ही गाडी युरोपीय संघात विकणं थांबवलं, कारण तिचा जुना विद्युत आराखडा या नियमात बसवणं परवडणारं नव्हतं. मला हे चांगलं लक्षण वाटतं. पाया बदलल्याशिवाय वरून लावलेली कुलुपं फार काळ टिकत नाहीत, हे कुणीतरी व्यवहारात मान्य केलं.

पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या या नियमाआधीच्या आहेत आणि अजून खूप वर्षं धावणार आहेत. गाडी पंधरा-वीस वर्षं जगते, तिच्यातल्या मोडेमचं नेटवर्क तेवढं जगत नाही. अमेरिकेत एटी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत थ्री-जी बंद केलं तेव्हा अनेक गाड्यांच्या जोडलेल्या सेवा एका दिवसात मुक्या झाल्या. त्यानंतर त्या गाडीत सुरक्षेची चूक सापडली तरी दुरुस्ती हवेतून पोचत नाही. गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन मुद्दाम विचारावं लागतं. दर सर्व्हिसिंगला तेलाबरोबर हेही विचारावं: या गाडीच्या कुठल्या कंप्युटरसाठी नवं सॉफ्टवेअर आलं आहे का, आणि सुरक्षेसाठी गाडी परत बोलावल्याची नोंद तिच्या चासी नंबरावर आहे का.

जुनी गाडी हातातून हातात जाते तेव्हा यातलं बरंच काही एकदम समोर येतं. विकणाऱ्याने पडद्याच्या मेनूतून सगळं पुसलं की फोन नंबर, घराचा पत्ता, वायफायचा पासवर्ड जातात. पण सर्व्हरवरचं नातं त्याने तुटतंच असं नाही. ॲपमध्ये जाऊन गाडी खात्यातून वेगळी काढावी लागते, नाहीतर जुन्या मालकाच्या फोनवर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे ते दिसत राहतं, आणि कित्येकदा दारही उघडता येतं. घेणाऱ्याने ते आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावं, आणि मगच गाडी आपल्या खात्यात जोडावी. त्यानंतर योग्य स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे जाऊन इमोबिलायझरमध्ये किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते पाहावं. हातात दोन किल्ल्या आणि पडद्यावर तीन आकडा दिसला, तर सगळ्या नोंदी पुसून या दोनच पुन्हा शिकवायला सांगाव्यात. दोन्ही किल्ल्या बरोबर न्याव्यात. अनेक गाड्यांत शिकवताना समोर नसलेली किल्ली कायमची बाद होते.